फिनलंडच्या लॅपलँडमधला हिवाळा: एका गावात मुक्काम ठोका आणि रोज बाहेर पडा

उत्तरवाट

हिवाळ्यात लॅपलँडला जायचंय, जरा आखणी बघून देशील का, अशी विचारणा हल्ली बऱ्याच जणांकडून होते. बहुतेकांची आखणी एकाच साच्यातली असते. रोव्हानिएमीला एक रात्र, सांताक्लॉजचं गाव, सकाळी हस्की कुत्र्यांची गाडी, दुपारी रेनडिअर, काचेच्या छताच्या खोलीत एक रात्र, मध्ये कुठेतरी अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश, बघायची बसफेरी आणि लगेच हेलसिंकीला परत. यात थंडी भेटते ती गाडीतून उतरून दारातून आत शिरेपर्यंत, आणि तेवढ्या वेळात ती नकोशीच वाटते. मला अगदी उलट सांगायचंय. एक लहान गाव निवडा, सलग पाच-सहा दिवस तिथेच राहा आणि रोज दोनदा पायी नाहीतर स्कीवर बाहेर पडा. या प्रदेशाचं खरं सुख उघड्यावर आहे आणि त्यातलं पुष्कळसं फुकट आहे.

गाव कुठलं? माझी पसंती इनारी, सारिसेल्का किंवा पश्चिमेकडचं आकास्लोंपोलो. इनारी तळ्याकाठी आहे. हे तळं फिनलंडमधलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं, त्यात तीन हजारांवर बेटं आहेत आणि हिवाळाभर ते गोठलेलं असतं. सारिसेल्काच्या पाठीशी उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. आकास्लोंपोलोच्या आसपास स्कीच्या आखीव वाटा तीनशे किलोमीटरांहून जास्त आहेत आणि त्यांतल्या काहींवर दिवे असल्याने भर डिसेंबरातही संध्याकाळी फिरता येतं.

जाताना हेलसिंकीहून रात्रीची रेल्वे घ्या. डब्यात झोपायचं, सकाळी रोव्हानिएमी. तिथून इनारीची बस, साधारण सव्वातीनशे किलोमीटर. आकास्लोंपोलोला जायचं असेल तर कोलारीपर्यंत जाणारी गाडी पकडायची. विमानाने दीड तासात पोचता येतं हे खरं, पण सकाळी पडदा सारल्यावर दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडं सरकताना दिसतात, ती मजा विमानात नाही.

फिनलंडमध्ये रानावर सगळ्यांचा हक्क मानतात. जमीन कुणाचीही असो, तिथून चालत जा, स्की करत जा, एखादी रात्र तंबू टाकून राहा, परवानगी लागत नाही. घराच्या अंगणापासून लांब राहायचं आणि नुकसान करायचं नाही, एवढंच पथ्य. शेकोटी मात्र या हक्कात येत नाही, तिला जमीनमालकाची परवानगी लागते. पण राष्ट्रीय उद्यानांत ठरलेल्या जागी शेकोटीची सोय असते. तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडा असा लाकडी आडोसा, समोर दगडांनी बांधलेला चूल्हा, शेजारी सरपणाची खोली. खोलीत कुऱ्हाड आणि करवत असते. ओंडका चिरला की आतून तो कोरडा ठणठणीत निघतो. बर्चची पांढरी साल कागदासारखी सोलायची, काडी लावली की ती काळा धूर सोडत भुरकन पेटते, त्यावर बारीक ढलप्या, मग जाड फाटी. उणे २० मध्ये हातमोजे काढून साल सोलताना बोटं मिनिटभरात बधिर होतात आणि जाळ धरल्यावर तितक्याच लवकर परत येतात. त्या जाळावर किटलीतलं पाणी उकळेपर्यंतचा अर्धा तास मला कुठल्याही सफारीपेक्षा मोलाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच पत्रकात नसते. वारा पडलेला आणि आकाश निरभ्र असलं की थंड हवा जड असल्यामुळे खाली साचते. दरीत, तळ्यावर, गावात उणे ३० असताना शेजारच्या टेकाडाच्या माथ्यावर पारा दहा अंशांनीही वर असू शकतो. म्हणून सगळ्यांत थंड सकाळी खोलीत बसू नका, वर चढा. तासाभराच्या चढणीत गळ्याशी बांधलेलं सगळं सैल करावं लागतं, आणि खाली गावावर धुराच्या रेघा ठराविक उंचीवर जाऊन आडव्या पसरलेल्या दिसतात. थंड हवेवरचं झाकण तिथे असतं.

बाकी प्रश्न विचारा. ज्यांनी तिथे हिवाळा काढलाय त्यांनीही लिहा, म्हणजे हा धागा पुढच्यांच्या उपयोगी पडेल.

तुषारकण

धागा अगदी वेळेवर आलाय. आम्ही चौघं, मुलं ७ आणि ११ वर्षांची. शाळेच्या सुट्टीमुळे डिसेंबरअखेर सोयीचा. पण तेव्हा तिथे सूर्यच उगवत नाही म्हणे. दिवसभर अंधारात मुलांना घेऊन काय करायचं?

उत्तरवाट

@तुषारकण, सूर्य उगवत नाही म्हणजे अंधार असतो असं नाही. रोव्हानिएमी अगदी ध्रुववृत्ताजवळ आहे, तिथे डिसेंबरातही दोनेक तास सूर्य क्षितिजाला टेकून जातो. इनारीत डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दहा तारखेच्या सुमारापर्यंत तो वर येत नाही. त्याहून उत्तरेच्या उट्सयोकीत हा काळ नोव्हेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य असा पसरतो. पण दुपारच्या आसपास काही तास संधिप्रकाश असतो. दक्षिणेकडे आकाश गुलाबी, उत्तरेकडे गडद निळं, आणि तो निळा रंग बर्फावर उतरलेला. त्या उजेडात बिनदिक्कत चालता येतं. सकाळी निवांत उठायचं, दहा ते दोन बाहेर, मग जेवण, झोप, आणि संध्याकाळी पुन्हा दिव्यांच्या वाटेवर तासभर. मुलांना हे वेळापत्रक फार लवकर अंगवळणी पडतं.

तारखा बदलता येत असतील तर मात्र मी मार्च सुचवेन. दिवस बारा तासांच्या घरात गेलेला, बर्फ भरपूर, ऊन लख्ख, थंडी सोसवेल अशी. स्थानिक लोक स्वतःच्या सुट्ट्या फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये स्कीसाठी राखतात, यातच सगळं आलं.

सांजवेळ

लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत. आयुष्यात एकदाच इतका खर्च करून जाणाऱ्या माणसाला अरोरा बघायचाच असतो आणि त्यात कमीपणा काही नाही. मी त्याच ओढीने गेले होते आणि पुन्हा त्याच ओढीने जाईन. त्यामुळे अरोरासाठी जाणाऱ्यांकरता थोडं सविस्तर लिहिते.

अरोराचा सगळ्यांत मोठा शत्रू ढग. फोनमधल्या अ‍ॅपवर सगळे केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा) बघत बसतात आणि तो १ किंवा २ दिसला की झोपून जातात. पण तो आकडा अख्ख्या पृथ्वीचा असतो. अरोराचा पट्टा लॅपलँडच्या डोक्यावरूनच जातो, त्यामुळे केपी १-२ असतानाही आकाश मोकळं असेल तर तो दिसू शकतो. म्हणून आधी ढगांचा अंदाज बघा, केपी नंतर. फिनलंडच्या हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या ठिकाणच्या चुंबकीय हालचाली जवळजवळ त्या क्षणी दिसतात, ते पान जवळ ठेवा.

रंगांबद्दल: सूर्याकडून आलेले भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडून वातावरणात उतरतात आणि तिथल्या अणूंना ऊर्जा देतात. हिरवा रंग ऑक्सिजनचा, साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा. लालही ऑक्सिजनचाच, पण २०० किलोमीटरच्या वरचा. तो लाल प्रकाश बाहेर पडायला अणूला मिनिट-दोन मिनिटं लागतात. खाली हवा दाट असल्याने तेवढ्यात दुसरा अणू येऊन आदळतो आणि ती ऊर्जा प्रकाशाविनाच निघून जाते. म्हणून लाल फक्त वरच दिसतो. खालच्या कडेला जांभळट झाक येते ती नायट्रोजनची. मे २०२४ च्या मोठ्या सौरवादळात लडाखमधल्या हानले वेधशाळेतूनही लाल आभा टिपली गेली, तिचं कारणही हेच. तितक्या दक्षिणेकडून क्षितिजावर फक्त सगळ्यांत वरचा भाग दिसतो.

डोळ्यांना तो पुष्कळदा राखाडी, पातळ ढगासारखा दिसतो आणि कॅमेऱ्यात हिरवा येतो. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही. जोरात पेटला की मात्र रंग डोळ्यांनाही दिसतात आणि पडदा सळसळत सगळ्या आकाशभर पळतो. ते मी शब्दांत सांगू शकत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर, फोकस हाताने अनंतावर, आयएसओ १६०० च्या आसपास, शटर ५ ते १० सेकंद. सुटी बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी. थंडीत ती भराभर उतरते. खोलीत परत येण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत घालून बंद करा, नाहीतर आतल्या दमट हवेचं पाणी भिंगावर आणि आतही धरतं.

उत्तरवाट

@सांजवेळ, उत्तम माहिती, मनापासून आभार. तुमच्या ओढीला माझा विरोध नाही. पण तुमच्याच मुद्द्यावरून बघा: ढग हाच शत्रू असेल, तर एका रात्रीत नशीब अजमावण्यापेक्षा पाच-सहा रात्री एका काळोख्या गावात काढणं केव्हाही बरं. जेवण झाल्यावर दार उघडून वर बघायचं, दिसला तर तळ्यावर जायचं. शिवाय दिवस भरलेले असले की आकाश सलग झाकलेलं राहिलं तरी सहल फुकट गेली असं वाटत नाही. रोज रात्री दोनपर्यंत बसमधून ढगांची भोकं शोधत फिरलेली माणसं दुसऱ्या दिवशी उजेडाचे तास झोपून काढतात, त्याचं मला वाईट वाटतं.

पायपीट

कपड्यांवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. थंडीबद्दलच्या निम्म्या तक्रारी सुती कपड्यांमुळे असतात. सुती बनियन घाम शोषतं आणि ओलंच राहतं, आणि थांबलात की तेच अंग गार करतं. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, सगळ्यांत वर वारा अडवणारं जाकीट. थांबल्यावर चढवायला पिसांचं एक जाकीट पाठपिशवीत वेगळं. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. घरातूनच उबदार निघालात तर दहा मिनिटांत घामाघूम व्हाल.

बूट एक माप मोठे. दोन जाड मोजे कोंबून बूट आवळला की रक्त खेळत नाही आणि बोटं गारठतात. बोटांत हवेला जागा हवी. हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहतील असे मिटन बरे, आत पातळ लोकरी मोजे. जाड ओव्हरऑल आणि बूट सफारीवाले त्यांच्या फेरीपुरते देतात, दुकानांतून दिवसाच्या भाड्यानेही मिळतात. पुन्हा कधी न वापरायच्या महाग जाकिटावर पैसे घालू नका.

मुलांबरोबर असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एकमेकांची नाकं, गाल, कान बघायची सवय लावा. पांढरट, मेणचट डाग दिसला की ती हिमदंशाची सुरुवात. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. उघडा उबदार तळवा त्यावर धरून ठेवायचा आणि आडोशाला जायचं. रंग आणि संवेदना परत आली नाही तर डॉक्टर. आपत्कालीन क्रमांक ११२.

थंडीचा अंदाज यावा म्हणून: फिनलंडमधली आजवरची सर्वांत कमी नोंद उणे ५१.५, किटिला भागातल्या पोक्का इथे, जानेवारी १९९९ मधली. इतकं तुमच्या वाट्याला येणार नाही, पण उणे ३० ची तयारी ठेवाच.

निळाई

मी फिनलंडमध्येच राहते, हिवाळ्यात उत्तरेला जाणं नेहमीचं. काही गोष्टी कळकळीने सांगते, कारण पाहुण्यांना त्या कुणी सांगत नाही.

स्कीच्या वाटेवर दोन समांतर खाचा आखलेल्या असतात. त्यावरून पायी चालू नका. एका बुटाने पडलेला खड्डा रात्रीत दगडासारखा गोठतो आणि उतारावरून येणारा माणूस त्यात अडकून पडतो. चालणाऱ्यांच्या आणि स्नोशूच्या (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांना बांधायच्या रुंद चौकटी) वाटा वेगळ्या आखलेल्या असतात, त्या पकडा.

तळ्यावर जाताना: माणसाला पेलायला सलग, घट्ट बर्फ निदान ५ सेंटिमीटर हवा, स्नोमोबाइलला १५, मोटारीला २० हून जास्त. जानेवारीनंतर लॅपलँडच्या तळ्यांवर याच्या कितीतरी पट असतो, पण प्रवाह, नदीचं मुख, सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या जागा, पुलाखालचा भाग इथे तो कधीही दगा देतो. वर ताजा बर्फ पडला की थंडी खालपर्यंत पोचत नाही आणि बर्फ पातळच राहतो. इथले लोक गळ्यात दोन टोकदार सुळे अडकवूनच बर्फावर जातात. पाण्यात पडलात तर तेच बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं, कारण ओले हात नुसते घसरतात. गोठलेल्या तळ्यात भोक पाडून गळाने मासे धरायला मात्र कुठलाही परवाना लागत नाही, तेही सगळ्यांच्या हक्कात येतं. बादली उपडी टाकून तास-दोन तास भोकाशी बसलेला म्हातारा दिसला तर विचारून बघा, बहुतेकदा शिकवतात.

गाडी भाड्याने घेणार असाल तर रेनडिअर रस्त्यावर येतात हे धरूनच चालवा. ते मोकाट दिसले तरी प्रत्येकाला मालक आहे, कानावरच्या कापांच्या खुणेवरून तो ओळखतात. धडक झाली तर ११२ ला कळवणं बंधनकारक आहे. आणि मालकाला "तुमच्याकडे किती रेनडिअर?" असं विचारू नका. बँकेत किती शिल्लक आहे असं विचारल्यासारखं ते वाटतं.

शेवटचं आणि माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. इनारी ही सामी या उत्तरेकडच्या आदिवासी लोकांची भूमी आहे. इनारी पालिकेत चार अधिकृत भाषा आहेत: फिनिश आणि तीन सामी भाषा. सामी संसद इथेच आहे, तिची सायोस ही इमारत २०१२ ची. शेजारी सीदा संग्रहालय, त्याला अर्धा दिवस द्या आणि तोही सहलीच्या सुरुवातीला. कुत्र्यांची स्लेज ही इथल्या सामींची परंपरा नाही, ती पर्यटनाबरोबर आली, त्यांची परंपरा रेनडिअरची. सामी पोशाख घालून फोटोपुरते उभे राहणारे सामी असतीलच असं नाही, आणि खऱ्या सामींना याचा त्रास होतो. २०१८ मध्ये सामी संसदेने पर्यटनासाठी नीतितत्त्वं जाहीर केली, ती जाण्याआधी वाचा. कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा. ६ फेब्रुवारी हा सामी राष्ट्रीय दिवस. मार्च-एप्रिलच्या सांध्यावर इनारी तळ्याच्या बर्फावर रेनडिअरच्या शर्यती होतात, तारखा जुळल्या तर चुकवू नका.

हिरवा_चाफा

निळाईताई, खूप छान प्रतिसाद. वाचनखूण साठवली. आई सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे बरे नाहीत. तिला न्यावं का? बर्फावर घसरण्याची भीती वाटते.

निळाई

@हिरवा_चाफा, जरूर न्या. बुटांना लावायचे खिळ्यांचे रबरी पट्टे दुकानात मिळतात, घरात शिरताना काढायचे. आणि पोत्कुरी शोधा. लांब दोन पोलादी पट्ट्या, पुढे लाकडी बैठक, मागे धरायला दांडा. आईला बैठकीवर बसवायचं, मागच्याने एक पाय पट्टीवर ठेवून दुसऱ्याने रेटत जायचं. इथल्या आज्या त्यावर पिशव्या ठेवून दुकानात जातात आणि चालतानाही दांड्याचा आधार घेतात. बऱ्याच मुक्कामांच्या दाराशी ती ठेवलेली असते. आईंना ब्लँकेट द्या, बसलेल्या माणसाला थंडी जास्त लागते.

मुशाफिरी

हस्कीबद्दल दोन शब्द. अर्ध्या तासाच्या फेरीपेक्षा स्वतः हाकायची दोन-तीन तासांची घ्या. निघण्याआधी कुत्र्यांचा कल्ला इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गाडी अडवून धरणारा, बर्फात रोवलेला नांगर काढला, ब्रेकवरचा पाय उचलला की सगळं एकदम शांत, फक्त धावणारे पाय आणि पट्ट्यांची खरखर. नियम एकच: काही झालं तरी दांडा सोडायचा नाही. तुम्ही पडलात तरी कुत्री थांबत नाहीत. चढावर उतरून रेटायला लागतं, तेव्हा पुढची कुत्री मागे वळून बघतात. फेरीनंतर त्यांना खायला घालताना, पट्टे काढताना थांबू देतात का हे आधी विचारा. कुत्र्यांची काळजी घेणारे लोक आनंदाने थांबू देतात.

सांजवेळ

सौनाचं, म्हणजे तापलेल्या दगडांच्या वाफेच्या खोलीचं, कुणीच लिहिलं नाही. २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या सौना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तळ्याकाठच्या सौनाजवळ बर्फात चौकोनी भोक कापलेलं असतं, पाणी हलतं राहावं म्हणून पंप आणि उतरायला शिडी. सौनात आधी घाम फुटेपर्यंत बसा, दगडांवर पाणी टाकलं की वाफ खांद्यांवर येते. मग पायांत लोकरी मोजे किंवा सपाता घालून भोकाशी. उडी मारायची नाही. सावकाश उतरायचं, श्वास सोडत राहायचं, खांद्यांपर्यंत पाणी आलं की दहा-वीस सेकंदांत बाहेर. बाहेर आल्यावर उणे १५ मध्ये उभं राहूनही अंगातून वाफ निघत असते आणि थंडी जाणवत नाही. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दारू पिऊन तर कुणीच नाही.

तुषारकण

सगळ्यांचे आभार. घरात चर्चा झाली, मार्च ठरतोय. आकास्लोंपोलो. व्हिसाचं कुणी सांगेल का? आणि मोठ्या मुलाला रानातल्या झोपडीत एक रात्र राहायचंय, ते जमेल का?

पायपीट

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो जायलाच हवा. तुम्ही दोन-तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा.

झोपडीबद्दल: राष्ट्रीय उद्यानांतल्या खुल्या झोपड्या फुकट असतात, कुलूप नाही, आरक्षण नाही. आत फळ्यांचे बाक, लोखंडी शेगडी, बाहेर सरपण आणि कोरडा संडास. एक-दोन रात्रींपुरत्याच. तिथला नियम मला फार आवडतो: झोपडी भरली तर सर्वांत शेवटी आलेल्याचा हक्क सर्वांत मोठा. आधी आलेले विसावलेले असतात, त्यांनी जागा करून द्यायची. म्हणजे तुम्ही दुपारीच जाऊन बसलात आणि रात्री कुणी थकून आलं, तर उठायची तयारी हवी. सात वर्षांच्या मुलासह हा धोका पत्करू नका. त्याच रानात पैसे भरून आरक्षित करता येणाऱ्या, कुलपाच्या झोपड्या आहेत, त्यातली गावापासून चार-पाच किलोमीटरांवरची घ्या. सामान ढकलायला-ओढायला प्लास्टिकची घसरगाडी भाड्याने मिळते, धाकटा दमला तर तोही तीत बसेल.

पोचल्यावर आधी शेगडी पेटवा, झोपडी उबायला दोन-तीन तास लागतात. पाण्यासाठी बर्फ वितळवावा लागेल. पातेल्याच्या तळाशी आधी थोडं पाणी ठेवा, कोरडा बर्फ तसाच तापवला तर करपट वास येतो. आणि निघताना जेवढी लाकडं जाळली तेवढी फोडून आत रचून ठेवा. मोठ्या मुलाला कुऱ्हाड नको, पण रचायचं काम त्याला द्या.

तुषारकण

ठरलं. रचायचं काम धाकट्यानेही मागितलंय, वाटून घेतील. आरक्षण झालं की तारखा इथेच टाकते. त्या सुमारास कुणी तिकडे असेल तर सांगा.

उत्तरवाट

@तुषारकण, मुलांसाठी एक राहिलं: गावातल्या उतारावरून घसरायला लागणारी प्लास्टिकची पाटी तिथल्याच दुकानात घ्या, इथून नेऊ नका. मार्चमध्ये ऊन बर्फावरून परत डोळ्यांत येतं, त्यामुळे चौघांनाही गॉगल हवेत, आणि नाकाला सनस्क्रीन. रात्रीच्या गाडीत झोपायच्या डब्याचं आरक्षण सुट्ट्यांच्या आठवड्यांत लवकर भरतं, व्हिसाची वाट न बघता रद्द करता येईल असं तिकीट मिळतंय का ते आताच बघा.